टपावरचं वझं

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चढवलीच! एकट्याने! मी डेअरीत दूध घालून येते तोवर नाव गाडीच्या टपावर, आणि हे खाली खुर्चीत पेपर उलगडून बसलेले. जसं काही घडलंच नाही. पेपर डाव्या हातात. उजवा मांडीवर नुसता ठेवलेला.

"कुणी हात लावला?" मी विचारलं.

"कशाला कोन पायजे?"

ह्यांच्या उजव्या खांद्याचा स्नायू अर्धा फाटलाय. कराडच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून दाखवलं. हा राहिलेला, हा गेलेला. डोक्याच्या वर वजन न्यायचं नाही म्हणाले. राहिलेला फाटला तर ऑपरेशन, आणि त्यानंतरही हात पुन्हा वर जाईल याची खात्री नाही. मी सगळं ऐकलं. ह्यांनी काय ऐकलं देव जाणे. गावात सांगतात, "जरा मुरगळलाय."

आणि नाव तरी साधीसुधी आहे का? मासे धरायची कयाक, पन्नास किलोच्या वर. हलक्या मिळतात, मी स्वतः मोबाईलवर बघितल्यात. पण ह्यांना हीच पाहिजे होती. का, विचारलं की "चांगली हाय". पुढे तोंड बंद.

१५ नोव्हेंबर

बनियन मी काढला. हात वर जाईना. "दुखत न्हाई," म्हणाले — दात आवळून!

१६ नोव्हेंबर, रविवार

ऋषिराजचा पुण्याहून फोन. "मम्मी, गाडी राहू दे, पण ती नाव विका. पप्पांचा हात जाईल एक दिवस. फलटणला माझ्या ओळखीचे एकजण शेतावर पर्यटन चालवतात, ते लगेच नेतील." मी म्हटलं, माझ्यापाशी काय बोलतोस, तुझ्या बापाला सांग. फोन यांच्या कानाला लावला. "हां... हां... बघू." बघू म्हणजे नाही. चौतीस वर्षांच्या संसारात मला एवढं तरी कळलंय.

खरं लिहायचं तर ती नाव गेली तर मला बरंच वाटेल. गाडीवर माझा राग नाही. शाळेची जुनी बस घेतली, बॉडीवाल्याकडे महिनाभर स्वतः उभं राहून पलंग, ओटा, मोरी करून घेतली. मी जन्मभर फळ्यासमोर उभी राहिले. आता खिडकीत बसून मुलूख बघायचा, चहा उकळायचा, पुढे जायचं. लय बरं वाटतं, कशाला नाही म्हणू.

पण पाणी नको. २०१९ च्या पुरात मी माहेरी होते, सांगलीच्या अलीकडे, अगदी नदीकाठाला. भावाच्या गच्चीवरून आम्हाला नावेत उतरवलं तेव्हा ती अशी कलंडली की — नको. तेव्हापासून मी बादलीसुद्धा काठोकाठ भरत नाही. हे इकडे कडेगावात. रस्ते बंद, यायला वाट नव्हती. माणसाने फौजेत जन्मभर पूल बांधले, नावा चालवल्या, आणि बायको पाण्यात असताना इथे ओसरीवर येरझाऱ्या. आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

आणि मग दोन वर्षांपूर्वी घरात नाव आणली! मला वाटलं, ह्या माणसाला काळीज आहे की नाही?

१९ नोव्हेंबर, बुधवार

उद्या कोयनानगरला निघायचं. यांचे फौजेतले दोस्त जयराज भाऊजी तिथे वसाहतीत राहतात. धरणाच्या खालच्या अंगाला नदीत मासे धरायची परवानगी त्यांनी काढून ठेवलीय.

नाव टपावर आहेच. बांधायचं काम राहिलं होतं, तर धाकटे दीर आप्पासो आले. नावेचे पट्टे बघून हसले. "दादा, ह्या नाड्यांनी काय हुतंय? ट्रॉली आवळतो तशी आवळाय पायजे." ट्रॅक्टरचा दोर आणला, दोन वेढे टाकले, मध्ये दांडकं घालून असा पीळ दिला की टप करकरला. भर दुपारी, उन्हात. "आता कोयनंचा भूकंप झाला तरी हालायची न्हाई!" हे खूश. मीही खूश. आमच्या घरात उसाची ट्रॉली कधी सुटलेली नाही.

२० नोव्हेंबर, कोयनानगर

कराडपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे मुंगीच्या पावलाने. चहाला थांबलो तर एकाने विचारलं, "दवाखान्याची गाडी हाय का? बीपी बगता का?" दुसरा वर बोट करून, "न्हाई रं, पवनचक्कीचं पातं घिऊन चालल्यात." ह्यांनी गंभीरपणे मान हलवली. "व्हय, ल्हान पवनचक्कीचं." मी चहा सांडला.

घाटात वळणावळणाला फांद्या टपावर घासत होत्या. हे डाव्या हातानेच स्टिअरिंग ओढतायत हे मला दिसत होतं. बोलून काय उपयोग!

पोचल्यावर दोर सोडला तर काय — नावेच्या पोटाला हा एवढा खळगा! पातेलं मावेल असा. जयराज भाऊजी आधी हसले, मग डोक्याला हात लावला. "बाळासो, गड्या, ती काय ऊस हाय व्हय? प्लास्टिक हाय ती. उनात मऊ पडती." आता ट्रॉलीला जेवढं आवळावं तेवढं चांगलं, हे आमच्या रक्तातच. उसाला कधी खळगा पडतो का?

उतरवताना भाऊजींनी न विचारता एक टोक धरलं. ह्यांनी धरू दिलं. मागणार मात्र नाहीत. कुणी धरलं तर ठीक, "जरा हात लाव" हे तीन शब्द या माणसाच्या तोंडून मी आजवर ऐकलेले नाहीत.

२१ नोव्हेंबर

खळगा गेला! मी घालवला! दोन पातेली कढत पाणी ओतलं, आतून फडक्याने दाबलं. टप्पदिशी बाहेर आला. भाऊजी म्हणाले, "वैनी, शाळा सोडून तुमी गॅरेज काढाय पायजे हुतं."

हे पाण्यात उतरले. पुढच्या अंगाला एकच सीट, मागे मोकळ्या जागेत बर्फाचा डबा. मी काठावर पाठ करून भाजी निवडत बसले. दर दोन मिनिटांनी मान वळवून बघत होते, तेही लिहून ठेवते. नाव हलतच नव्हती. हे मध्येच उभे राहिले, गळ टाकायला. उभे! माझ्या हातातली मेथी खाली पडली. पण नाव जागची ढळली नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आजचं सगळं नीट लिहायला हवं.

भाऊजी कामासाठी पाटणला गेले होते. जाताना बजावून गेले, "मी आल्यावर चढवू." हे "हां हां" म्हणाले. मी गाडीच्या पलीकडे भांडी घासत होते. घर्रर्र असा आवाज झाला आणि मागोमाग यांचं "अगं —" एवढंच.

धावत गेले. ह्यांनी नावेचं टोक गाडीच्या मागच्या शिडीवर टेकवून खालून खांदा लावला होता. टोक सरकलं. हे शिडी आणि नाव यांच्या मध्ये अडकलेले, उजवा हात वर, सगळं वजन त्याच हातावर येत चाललेलं. माझ्या दंडात तेवढा जोर नाही. पण मानेत आहे! लहानपणी उसाच्या वाढ्याचे भारे कितीतरी वाहिलेत. पदराची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि घुसले खाली. नाव थांबली.

थांबली, पण तेवढंच. वर जाईना, खाली येईना.

"सोडा तुम्ही!"

"तू सोड आदी!"

"मी सोडली तर तुमच्या हातावर येईल!"

"आन् मी सोडली तर तुज्या मानंवर!"

तशा अवस्थेत भांडत होतो. कुणी बघितलं असतं तर काय म्हणालं असतं! यांचा चेहरा पांढराफटक. मला एकच दिसत होतं — तो राहिलेला अर्धा स्नायू.

तेवढ्यात रस्त्याने एक बाई गवताचा भारा घेऊन उतरत होती. मी ओरडले, "आवं बाई, जरा हात लावा!"

आणि हे, वझ्याखाली दबलेले, काय म्हणाले असतील? "नको, नको, हुईल!"

बाईने भारा वाटेतच टाकला. काय आहे, कुणाचं आहे, काही विचारलं नाही. आली, खांदा दिला, "हं, सावकास," म्हणाली. तिघांनी मिळून नाव खाली टेकवली.

मग ती आपल्या भाऱ्यापाशी जाऊन उभी राहिली. यांच्याकडे बघून म्हणाली, "दादा, आता माजं वझं द्या की डोक्यावर."

आमच्याकडची ही रीतच. एकदा खाली टाकलेला भारा बाईमाणसाला एकटीने डोक्यावर घेता येत नाही. बांधावर बसायचं, वाटेने जो येईल त्याला हाक मारायची. ओळख लागत नाही. नाही कुणी म्हणत नाही. मी शाळेतून येताना कितीजणींना हात लावला असेल, आणि मला किती जणांनी. त्यात मिंधेपणा काय? पण हे सतराव्या वर्षी भरती झाले, भारे बायकांनी वाहिले. बांधावर बसून वाट बघणं यांच्या वाट्याला कधी आलंच नाही.

ह्यांनी डावा हात लावला, दुसऱ्या बाजूने मी. तिने मान सरळ केली आणि निघाली. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

हे गाडीच्या पायरीवर बसले. डोळे भरलेले. दुखण्याने की कशाने, मी विचारलं नाही. मी शेजारी जाऊन बसले. तर म्हणाले, "माया, इकूया नाव. ऋषिला सांग."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

२५ नोव्हेंबर, कडेगाव

कराडला दाखवून आलो. देवाची कृपा, आणखी फाटलेलं नाही. डॉक्टर यांच्यावर ओरडले, मग माझ्यावरही! पुन्हा असं केलंत तर हात कायमचा गेला समजा, म्हणाले. हात झोळीत.

नाव अंगणात आडवी. भाऊजींनी आणि वसाहतीतल्या चौघांनी चढवून दिली होती, इथे आप्पासोंनी माणसं आणून उतरवली. फलटणचा माणूस रविवारी बघायला येणार. हे जाता-येता तिच्याकडे बघत नाहीत. गाडीचाही विषय नाही. जेवले की आडवे. विचारलं, डिसेंबरात कुठे जायचं? "बघू," म्हणाले.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

नावेचं सामान एकत्र करायला गाडीचा पलंग उचलला. वल्ही, जॅकेट, गळांचा डबा. अगदी आत, ताडपत्रीखाली, एक सीट. कोरी करकरीत, प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नाही. जोडीला दुसरं लाइफ जॅकेट. बायकी मापाचं.

बाहेर आणून यांच्यापुढे ठेवली. "हे काय?"

आधी डाव्या हाताने सीट चाचपली. मग म्हणाले, "मागं बसती ती. डब्याच्या जागंवर. नाव दोगांची हाय."

"कोण दोघं?"

माझ्याकडे बघितलं नुसतं.

"एकट्याची घेतली असती तर निम्म्या वजनात मिळत हुती. पर ती डुलती. ही रुंद हाय, जड हाय. उबं ऱ्हायलं तरी कलंडत न्हाई. दुकानात मी ह्योच इचारलं, कलंडत न्हाई ती कुटली? तवा ह्यी दावली." झोळीतल्या हाताची बोटं चाळवत राहिले. "पुरात म्या यायला पायजे हुतं, माया. न्हाई आलो. म्हटलं, एकदा तरी तुला माज्या हातानं पान्यातनं न्यावं. पर तू पान्याचं नाव काडू दीना, मग काय सांगायचं? उचलत ऱ्हायलो."

दोन वर्षं! दोन वर्षं मी त्या वजनाला शिव्या घातल्या.

२९ नोव्हेंबर

सकाळपासून राग आलाय. यांचा की माझाच, ठरत नाही. संध्याकाळी अंगणात गेले आणि नावेत बसून बघितलं. मागे. जमिनीवरच होती, तरी दोन्ही हातांनी कडा घट्ट धरल्या.

३० नोव्हेंबर, रविवार

फलटणच्या माणसाला येऊ नका म्हणून सकाळीच कळवलं. मी कळवलं, यांना न विचारता; नंतर नुसतं सांगितलं. थोड्या वेळाने, नाव सावलीला न्यायची म्हणून, अंगणातून हाक आली, दबकी, पण स्पष्ट. "माया, जरा हात लाव."

चुंबळ घेऊन बाहेर गेले. म्हटलं, लावते. पण आधी माझी सीट बसवा.