तुमच्या मीटिंगची माणसं

अहो,

तुम्ही असताना पत्र लिहायची वेळच आली नाही. जे काय असेल ते तोंडावर बोलून मोकळी व्हायचे. पण काल तुमचा तेरावा झाला आणि त्यात मी जे करून बसले, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. रागावलात तर रागवा. आता काय करणार आहात?

माधवगंजच्या घरात सगळे नातेवाईक जमले होते. भाऊजी, तुमचे थोरले बंधू, दारातच खुर्ची टाकून बसलेले. तेवढ्यात तुमच्या मीटिंगची माणसं आली. एक नाही, दोन नाही, चांगली दहाबारा! भाऊजींनी आपल्या लोकांच्या सवयीप्रमाणे पाणी विचारायच्या आधी आडनाव विचारलं.

"आपका शुभ नाम?"

"राजेश."

"राजेश, आगे?"

"बस, राजेश."

त्याच्यामागे सलीम, मग महेंद्र. आडनाव कुणी देईना, मूळ गाव कुणी सांगेना. तुमच्या मीटिंगमध्ये कुणी आडनाव विचारत नाही, हे भाऊजींना कुठून ठाऊक असणार? त्यांचा चेहरा बघायला हवा होतात! तुमच्या तेराव्याला मी पदर तोंडावर धरून हसले, देवाशपथ.

पहिल्यांदा कसे गेलात, आठवतंय? जवळच्याच कंपू भागातल्या हॉस्पिटलबाहेरच्या भिंतीवरून दारू सोडायच्या मीटिंगचा फोन नंबर मी उतरवून आणला. मीटिंगही कंपूतच, पायी जाण्यासारखी. पण नाही! "तिथे आपली माणसं भेटतील." म्हणून थेट शहराच्या दुसऱ्या टोकाची, मुरारची मीटिंग शोधून काढलीत. भर मे महिन्यात तोंडाला गमछा गुंडाळून टेम्पोत बसलात, मी शेजारी. आणि आत समोरच्या खुर्चीवर कोण? आपल्याकडे सत्यनारायण सांगायला येणारे गुरुजी! तेही बिचारे आपल्या लश्कर भागातली माणसं चुकवायला तिथवर आलेले. मी दारातून बघत होते. तासभर दोघांनी एकमेकांना ओळख दिली नाही आणि परतताना एकाच टेम्पोत गुडघ्याला गुडघा लावून बसलात. पुढच्या आठवड्यापासून मात्र दोघंही मुकाट कंपूला जायला लागलात.

मग भोपाळच्या त्या लग्नात पुन्हा पिऊन घसरलात. मी तर हात टेकले होते. वाटलं, झालं, संपलं सगळं. पण घरी परतलो त्याच संध्याकाळी तुम्ही दाढी केलीत, इस्त्रीचा शर्ट घातलात आणि मीटिंगला निघालात. पहिल्यांदा मी ढकललं होतं, या वेळी स्वतःहून. त्या सगळ्यांसमोर पुन्हा पहिल्यापासून सांगायचं, केवढी छाती लागते त्याला! मी गॅलरीत उभी राहून तुम्हाला वळणापर्यंत बघितलं. खरं सांगू? त्या दिवशी तुमचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा आपल्या लग्नातही वाटला नव्हता.

एक तक्रार मात्र आहे. काल राजेश म्हणाला, "भाभीजी, मीटिंग की चाय तो भाईसाब ही बनाते थे, अदरक कूट के." काय? घरी पातेलं कुठे ठेवतात हे माहीत नव्हतं तुम्हाला! आणि हे मला आत्ता कळतंय?

तर, भाऊजी स्वयंपाकघरात आले. दबक्या आवाजात म्हणाले, "सुधा, ते दारूवाले आहेत ना? कुणी विचारलं तर ऑफिसचे म्हणून सांग. गेलेल्या माणसाची अब्रू जपायची असते."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तुम्ही गोरखीजवळ रस्त्यात पडलेले असायचात, ते सगळ्या लश्करनं बघितलं. आणि सोडलीत, ते झाकून ठेवायचं?

पंगत बसली होती. मी पदर खोचून मध्ये उभी राहिले. म्हटलं, "हे प्यायचे, ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. सोडली कशी, ते कुणाला माहीत नाही. मीटिंगला जाऊन सोडली. मध्ये एकदा घसरले, पण पुन्हा मीटिंगला गेले आणि मग शेवटच्या श्वासापर्यंत हात लावला नाही. माझ्या नवऱ्यानं आयुष्यात केलेलं सगळ्यात मोठं काम आहे ते. मी लपवणार नाही."

तुमच्या माणसांकडे मी बघितलंसुद्धा नाही. ती कोण, कुठून आली, हे सांगायचा हक्क माझा नाही. कुणी घास उचलेना. भाऊजी पान सोडून उठले आणि निघून गेले. तुमच्या तेराव्याच्या पानावरून माणसं उपाशी उठणार की काय, असं वाटलं. मग सलीमभाईंनी मुद्दाम मोठ्यानं श्रीखंड मागितलं आणि वाढप पुन्हा सुरू झालं.

सगळे गेल्यावर भाऊजी परत आले. एकटेच. मिलिंद, त्यांचा मुलगा, जेवायला आला नव्हता. ताप आहे असं सकाळी म्हणाले होते. आता माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताप नाहीये त्याला. सकाळपासून पिऊन पडलाय. सुधा, ती मीटिंग कुठे असते गं?" आणि तुमचे ते ताठ भाऊ माझ्यासमोर ढसाढसा रडले.

रविवारी मी मिलिंदला घेऊन जाणार आहे. नाही म्हणाला तर पुढच्या रविवारी पुन्हा त्याच्या दारात जाईन. शिव्या दिल्या तर खाईन. तुम्ही कमी दिल्या होत्या का? तो आत बसेल तेव्हा मी बाहेर थांबेन आणि त्याला घरी आणून सोडेन. हा शब्द मी भाऊजींना दिलाय, आता तुम्हाला देते.

तुमची,
सुधा