तोफेला नुसतं तोफ म्हणू नये

तीर्थस्वरूप मामा,

आधी तुमच्या पायांवर डोकं, मग गुडघ्यांची चौकशी (तुमच्या, माझे ठीक आहेत). तुमचा भाचा आता तोफांमधला जाणकार झाला आहे, हे मामींना जरा मोठ्याने वाचून दाखवा.

तुमच्या शब्दाखातर तुमच्या मित्राच्या, म्हणजे सुभेदारसाहेबांच्या, इंग्रजी आठवणी मी मराठीत आणायला घेतल्या. इंग्रजीतल्या गन, हॉवित्झर आणि मॉर्टर या तिघींनाही सरसकट ‘तोफ’ लिहून मोकळा झालो. त्यामुळे सहाव्या प्रकरणात ‘तोफांचा उपयोग होईना म्हणून आम्ही तोफा मागवल्या, पण तोफांऐवजी तोफाच आल्या’ असं वाक्य तयार झालं. (मला ते खटकलं नाही. लढाईत गोंधळ असायचाच.)

कच्ची प्रत वाचून सुभेदारसाहेब थेट आमच्या छापखान्यात आले. त्यांचा आवाज तुम्हाला माहीत आहेच. बाइंडिंगवाल्या बाईंच्या हातून खळीचं भांडं पडलं. ‘‘चल बाहेर,’’ म्हणाले. मला वाटलं, संपलो. पण त्यांनी अंगणातला पाण्याचा पाइप उचलला. धार सरळ समोरच्या दारावर सोडली: ही गन, लांब नळी, सरळ लांबवर मारा. (दार नेमकं तेव्हाच मालकांनी उघडलं.) मग पाइप तिरका वर धरला. धार कमान करून भिंतीपलीकडे पडली आणि तिकडून कोणीतरी किंचाळलं: ही हॉवित्झर, आडोशामागचं टिपते. शेवटी पाइप जवळजवळ आभाळाकडे: ही मॉर्टर, आपली उखळी तोफ; नळी आखूड, मारा उंच जाऊन जवळच पडतो. पडला. आम्हा दोघांवर.

‘‘डोक्यात शिरलं?’’

‘‘कानातही शिरलं, साहेब.’’

पुढचे तीन आठवडे मी एकेका तोफेला तिचं नाव परत दिलं. सहावं प्रकरण सुभेदारसाहेबांनी उभ्याउभ्या वाचलं आणि म्हणाले, ‘‘तू आमच्या तोफखान्यात हवा होतास.’’ मामा, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मी कुठेतरी हवा होतो असं पहिल्यांदाच कोणी म्हटलं. घरी येईपर्यंत छाती खाली बसली नाही.

तुमचा,
जाणकार भाचा

ता. क. पुस्तक छापून झालं. पहिली प्रत तुमच्या पत्त्यावर धाडली आहे. रविवारी सुभेदारसाहेब तुमच्याकडेच येऊन ती उघडणार आहेत.

आणखी एक ता. क. गवंडी विटांमध्ये घालतो त्या कालवलेल्या मालालाही इंग्रजीत मॉर्टरच म्हणतात, हे काल बायकोने सांगितलं. पान दोनशे बारावर सुभेदारसाहेब निवृत्तीनंतर घर बांधताहेत आणि गवंडी ‘दोन घमेली उखळी तोफ कालवून’ भिंत रचतो आहे. बाकीच्या प्रतींचं मी बघतो. तुमच्याकडच्या त्या पानावर शनिवारी चहा सांडा. भरपूर सांडा.