मागच्या कमानीचा पाइप

९ जानेवारी २०२५, गुरुवार

नागपूरहून पाइप आजही नाई आला. ट्रान्सपोर्टवाला म्हणते, गाडी बुटीबोरीले उभी आहे, एक्सल गेला. इथं वर्कशॉपच्या अंगणात खाणीत मजूर नेणाऱ्या सहा कॅम्पर गाड्या उघड्या पाठीनं उभ्या. सोमवारी खाणीचे साहेब तपासायले येणार.

अब्बा नागपूरले, माझ्या चुलतभावाकडे, सैफभाईकडे. काल मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. फोनवर स्वतःच्या डोळ्याचं काहीच नाई, एकच — "पाइप आया क्या?" मी म्हटलं, येऊन राह्यला. "नहीं आया तो साहब को बोल दे, अगले हफ्ते."

पुढच्या हप्त्यात कसं? गाड्या श्रीहरीभाऊच्या, ठेकेदार तो. परवा सगळ्यांसमोर म्हणाला, "इनायतभाई असते तर मले चिंता नव्हती. आता पोरीच्या भरवशावर आहे सगळं!" हसला, चहा पिऊन गेला. मेकॅनिकल डिप्लोमाच्या अख्ख्या वर्गात मी एकटी मुलगी होती. वेल्डिंगच्या प्रॅक्टिकलले पहिली आली होती. ओठावर आलं होतं, पण नाई सांगितलं.

१० जानेवारी, शुक्रवार

केलं. लिहूनच टाकते. मराठीत लिहिते ते बरं — अम्मीले वाचता येत नाई.

खाणीत चालणाऱ्या गाडीले पाइपचा पिंजरा लागते. गाडी उलटली तर आतली माणसं चेपू नये म्हणून. दोन कमानी असतात — एक ड्रायव्हरच्या पाठीमागे, दुसरी मागच्या बाकावर, जिथं पंपदुरुस्तीचे मजूर बसतात. पाइप तीन एमएम जाडीचा पाहिजे. ते मोजता यावं म्हणून पाइपात एक बारीक भोक ठेवावं लागते. साहेब त्यात माप घालतात.

आता हे भोक सगळे वर्कशॉपवाले पुढच्याच कमानीत पाडतात, खिडकीजवळ. साहेबाले मागे चढावं लागू नये, पँटले ग्रीस लागू नये. कोणी ठरवलेलं नाई, असंच चालत आलं. एक अब्बाच दोन्ही कमानीत पाडतात. साहेब लोक हसतात — "इनायतभाई, हमको बंदर समझा क्या?" तरी पाडतात.

रॅकवर तीन एमएमचा पाइप सहा कमानींपुरता निघाला. लागत होता बारांचा. सहा पुढच्या झाल्या. मागच्यांसाठी मी दीड एमएमचा काढला. शेडले, गेटले वापरतो तो. बाहेरून जाडी तेवढीच दिसते. पिवळा रंग मारला की ओळखू येत नाई.

धनराज अब्बाजवळ अठरा वर्षांपासून वेल्डर आहे. पाइप हातात घेऊन उभाच राहिला. "ताई, हा तं शेडचा व्हय."

"मालूम आहे. माल आला की बदलून टाकू."

"आन भोक?"

"पुढेच पाड."

त्यानं काच डोळ्यावर घेतली आणि कामाले लागला. मालकाची पोरगी म्हणते तर तो काय करणार.

बदलून टाकू, हे मी खरंच मनापासून म्हटलं होतं.

१३ जानेवारी, सोमवार

पास! सहाच्या सहा. साहेबांनी भोकात माप घातलं, रिव्हर्स हॉर्न वाजवून पाहिला, वरचा पिवळा दिवा फिरवला, झेंड्याची काठी हलवून पाहिली. मागे कोणी चढलं नाई. सर्टिफिकेटवर सही माझी — नाहीद इनायत शेख, फिटिंग इन्चार्ज. श्रीहरीभाऊ म्हणे, "मानलं बुवा पोरीले."

दिवसभर खुशीत होती मी. धनराज रोज दुकानात डबा खाते, आज घरी गेला जेवायले.

१८ जानेवारी, शनिवार

पाइप आला. पण गाड्या गेल्या, गडचिरोलीकडच्या डोंगरात, लोखंडाच्या खाणीवर. श्रीहरीभाऊले फोन लावला — एकेक गाडी एका दिवसासाठी पाठवा, मागची फिटिंग पाहायची आहे.

"काऊन? पास झाल्या ना?"

"झाल्या."

"मंग?"

मंग काही नाई. खरं सांगायचं तर तिथंच सांगायचं होतं, एका वाक्याचं काम होतं. मी म्हटलं, काही नाई, सहज. फोन ठेवला आणि नवा पाइप रॅकवर चढवला.

३० जानेवारी, गुरुवार

काल गाडी उलटली.

सहापैकी एक. खाणीच्या उतारावर कडेची माती सुटली आणि गाडी दोन पलट्या खाऊन खालच्या रस्त्यावर पडली. ड्रायव्हर भूपेश — मार्कंड्याकडचा, मासे धरणाऱ्या ढिवराचा पोरगा, गाडी न्यायले आला होता तेव्हा चहा पिऊन गेला होता इथं. त्याले खरचटलं फक्त. मागे लहानू होता, पंपाचा मेकॅनिक. मागची कमान बाकावर बसली. त्याले गॅसकटरनं कापून काढलं. नागपूरले नेलं. कमरेखाली काही कळत नाई म्हणतात त्याले.

श्रीहरीभाऊनं फोनवर सांगितलं हे. शेवटी म्हणे, "तुमचा पिंजरा मजबूत, म्हणून ड्रायव्हर तरी वाचला."

मी बाथरूमचा नळ सोडून बसली होती. अम्मी दार वाजवत होती, क्या हुआ, क्या हुआ. म्हटलं पोट बिघडलं.

पाच गाड्या अजून चालून राह्यल्या. एकेकीत मागे चार-चार माणसं बसतात.

१ फेब्रुवारी, शनिवार

उलटलेली गाडी आपल्याच अंगणात आणून टाकली. श्रीहरीभाऊले ती लवकर उभी करून पाहिजे. चौकशीवाल्यांनी जागेवर फोटो काढले म्हणे, झालं त्यांचं काम.

अब्बा कालच नागपूरहून परत आले होते. काळा चष्मा, डोळ्याले पाणी लावायचं नाई, उन्हात जायचं नाई. गेलेच. दिसते अजून धूसरच. गाडीजवळ बसले, पुढच्या कमानीवर नखानं टकटक केलं. मग हातानं चाचपत मागे गेले. तिथं टकटक केलं. थांबले. परत पुढे आले, परत मागे. चाळीस वर्षं पाइप वाजवलेला माणूस आहे, त्यांले डोळे लागत नाई.

मी दारात उभी होती. धनराज ग्राइंडर बंद करून उभा होता. अब्बा उठले, गुडघे झाडले, म्हणाले, "चाय बना."

चहा दिला. कप घेताना म्हणाले, "कुछ बोलना है, बेटा?"

मी म्हटलं, नाई.

नाई म्हटलं मी! तोंड पाहा माझं. तिसावं लागलं आणि बापासमोर नववीतल्या पोरीसारखी खोटं बोलली. ओरडले असते तर सांगितलं असतं मी, असं मनाले समजावते. तेही खोटंच.

४ फेब्रुवारी, मंगळवार

चौकशीवाल्यांचा कागद आला. एकच प्रश्न माझ्यासाठी — गाडीची सुरक्षा फिटिंग नियमाप्रमाणे होती काय?

अर्धा तास पेन धरून बसली. मग 'होय' लिहिलं आणि सही केली.

पहिल्या सहीले निदान कारण होतं, घाई होती, पाइप नव्हता. या सहीले काय कारण? भीती. दुसरं काही नाई. लोक म्हणतील इनायतभाईच्या दुकानात शेडचा पाइप लावतात. त्या लोकांसाठी लिहिलं मी 'होय'.

५ फेब्रुवारी

जेवण गेलं नाई.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

रिव्हर्स हॉर्नमध्ये खराबी निघाली म्हणून थाप मारली श्रीहरीभाऊले. दोन गाड्या आल्या. मी आणि धनराजनं एका दिवसात मागच्या कमानी कापल्या, तीन एमएमच्या बसवल्या, रंग मारला. भोक दोन्हीकडे पाडलं. अब्बा खाटेवर बसून ऐकत होते.

राहिल्या तीन. "कामावर आहेत, पुढच्या महिन्यात पाहू," श्रीहरीभाऊ म्हणाला.

९ फेब्रुवारी, रविवार

भूपेश आला होता. सोबत त्याची आई, कुंताबाई. पळसाच्या पानात बांधून दोन मरळ आणल्या, सकाळच्याच तळ्यातल्या. अम्मी खुश. मले बसवेना.

"ताई, तुमच्या पिंजऱ्यानं मी वाचलो," भूपेश म्हणे. "पुढचा पाइप जरासाही वाकला नाई. मी साऱ्याइले सांगून राह्यलो."

मी मान हलवली. काय करणार दुसरं.

मग खरं काम निघालं. चौकशीवाले म्हणतात फिटिंग ठीक होती, रस्ता ठीक होता, म्हणजे चूक ड्रायव्हरची. दारू पिऊन होता, वेगात होता असं लिहून राह्यले. माती खचली हे कोणी मानत नाई. लायसन जाईल, खाणीवर पुन्हा कोणी उभं करणार नाई. लहानूच्या घरचे बोलत नाई त्याच्याशी. लहानू त्याच्याच गावचा, भूपेशनंच कामाले लावला होता.

कुंताबाई म्हणे, "बाई, माह्या पोरानं आजवर दारूले हात नाई लावला. त्याचा बाप मनसाराम दारूनंच गेला, घरात नाव घेत नाई आमी. तुमी लिहून द्या ना दोन शब्द. तुमच्या सहीले मान हाय तिथी. साहेबच म्हणे, फिटिंगवाल्या मॅडमनं लिहून देल्लं, मंग आमी काय करू."

माझी सही! त्याच सहीनं त्याचा गळा कापला आणि ती बाई माझ्यापुढे हात जोडून बसली होती, पदरात पानाचे तुकडे गोळा करून, फरशीवर कचरा नको म्हणून.

मी म्हटलं, पाहते. पाहते! यापेक्षा ती माझ्या तोंडावर थुंकली असती तर बरं.

मासळी मी खाल्ली नाई. अब्बांनीही नाई खाल्ली. त्यांले कारण विचारायची मले हिंमत झाली नाई.

११ फेब्रुवारी, मंगळवार

धनराजनं आज पहिल्यांदा विषय काढला. वेल्डिंगची कांडी हातात, माझ्याकडे न पाहता.

"ताई, वेल्ड मीच मारला. मले झोप येत नाई."

मी म्हटलं, तुझी चूक नाई, मी सांगितलं होतं.

"तेच तं. तुमी सांगतलं आन मी केलं. इनायतभाईले फोन केला असता तं? इतकासा फोन होता माह्याजवळ." मग म्हणे, "त्या तीन गाड्या निघाल्या का सकाळी मी घड्याळ पाहतो. पाच वाजेपर्यंत पाहत राहतो."

मी एकटीच पाहते असं वाटत होतं मले. किती स्वतःपुरती झाली मी या महिन्यात. लाज, भीती, सगळं फक्त माझं! धनराजचं काय, लहानूचं काय, हे मनातच नाई आलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

लिहिलं. तीन वेळा फाडलं, चौथ्यांदा राहू दिलं.

मागच्या सहा कमानी दीड एमएमच्या, माझ्या सांगण्यावरून. अब्बा तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरले. वेल्डरले मी हुकूम दिला. चार तारखेचं 'होय' खोटं. तीन गाड्या अजून चालू आहेत, त्या आजच थांबवा. भूपेशच्या दारूबद्दल मले माहीत नाई, पण लहानू चेपला तो माझ्या पाइपामुळे. खाली पूर्ण नाव, सही, तारीख.

उद्या सकाळी चौकशीच्या ऑफिसले स्वतः नेऊन देते. आल्यावर अब्बाले सांगते. आधी सांगितलं तर जाणं होणार नाई माझ्याच्यानं.

भीती वाटते. पण आज दुपारी पोटभर जेवली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

चौकशीच्या साहेबांनी माझा कागद पूर्ण वाचला आणि परत माझ्यापुढे सरकवला. "काल तुमचे वडील येऊन जबाब देऊन गेले. पाइप ऑपरेशनच्या आधी त्यांनीच कापून ठेवले होते. मुलीले काही माहीत नाई, तिनं भरवशावर सही केली, म्हणाले. धनराजनंही तेच लिहून दिलं. तिन्ही गाड्या कालच थांबवल्या. ड्रायव्हरवरचं कलम काढलं. आता बापाले वाचवायले तुम्ही खोटं लिहून आणलं, हे आम्हाले समजते मॅडम. जा घरी."

मी म्हटलं, हे खोटं नाई. तीन वेळा म्हटलं. त्यांनी शिपायाले पाणी आणायले सांगितलं.

घरी आली तर अम्मी अंगणात उभी. पोलीस अब्बांले घेऊन गेले होते. डोळ्यात टाकायचं औषध इथंच राहिलं.