डावा बूट

हिंटरकार,
सोमवार, १२ नोव्हेंबर २०१८

अल्बान यास,

पत्र लिहिताना आधी प्रकृतीची चौकशी करावी, असं मठाच्या शाळेत सिस्टर एडलट्राउटने शिकवलं होतं. म्हणून विचारते, कसा आहेस? मी बरी आहे. गुडघे सोडले तर बाकी सगळं चालतं, जीभ तर फारच. काल सेंट मार्टिनच्या कंदिलांची मिरवणूक झाली. पोरांच्या कंदिलांत आता मेणबत्त्या नसतात, बॅटरीचे दिवे असतात. वारा आला तरी विझत नाहीत, त्यामुळे ज्योतीपुढे कुणी हात आडवा धरत नाही. चर्चचा मनोरा या उन्हाळ्यात रंगवला. पिवळा. मी पाद्रीबुवांना म्हटलं, त्यापेक्षा मोहरीची बाटली उभी केली असती तर स्वस्तात पडलं असतं. तुझ्या जुन्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

अक्षर ओळखलं असशीलच. अडतीस वर्षं या गावच्या पोस्टाच्या खिडकीत बसले. एकही पत्र माझ्या हातून गहाळ झालं नाही, असं निरोप समारंभात पोस्टमास्तर म्हणाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याबद्दल पुढे लिहिते.

काम असं आहे. माझ्या लेकीची लेक, रोमाना, एकोणीस वर्षांची झाली. जानेवारीत तिची स्की-शिक्षकाची सरकारी परीक्षा आहे. पोरगी चांगली उतरते, मी आजी आहे म्हणून सांगत नाही. पण तिला पायाला बसेल असा बूट मिळत नाही. दोन महिने मी तिच्याबरोबर बूट बसवणारा शोधत हिंडते आहे, आणि जे पाहिलं ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिलं दुकान डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या पायथ्याशी, सगळं काचेचं. तिथल्या बाईने रोमानाला एका यंत्रावर उभं केलं, तर पडद्यावर तिचा पाय लाल, हिरवा, पिवळा. मी विचारलं, "हा पाय आहे की उद्याचं हवामान?" बाई हसली. बूट चढवून रोमानाला म्हणते, "आरामशीर वाटतंय ना?" मी म्हटलं, "अहो, दुकानात आरामशीर वाटणारा स्कीचा बूट म्हणजे डोंगरावर पायात अडकवलेली बादली." रोमाना मला कोपराने ढोसत होती. घेतला तोच. एकोणिसाव्या वर्षी आरामशीर हा शब्द कुणाला कळतो?

दुसरा खालच्या गावातला, दाढीवाला. त्याने त्याच बुटात चार ठिकाणी फोमच्या पट्ट्या चिकटवल्या, जखमेला चिकटवाव्यात तशा. आणि बोलावलं कधी, तर सकाळी आठला! मी विचारलं, "पाय दुपारनंतर फुगतो, मापं तेव्हा घ्यायची, हे तुम्हाला कुणी शिकवलं नाही?"

"आजी, तुम्ही बूट बसवता का?"

"नाही. पण ज्याला बसवता येत होते त्याला ओळखत होते."

एवढं बोलले आणि बूट उचलून पिशवीत घातला. रोमाना बघतच राहिली. आजीने भांडण अर्धवट सोडलेलं तिने फारसं पाहिलेलं नाही.

तिसरी इन्सब्रुकची. साठीची बाई, बेकरीत काम करणाऱ्यांसारखे जाड हात. तिने यंत्र काढलं नाही. रोमानाची टाच हातात धरून तिने डोळे मिटले, आणि मी मनात म्हटलं, ही जाणते. बराच वेळ चाचपून ती म्हणाली, "माझ्याच्याने व्हायचं नाही बाई. टाच चिमणीची, पायाचा पुढचा पंजा रुंद आणि वरचा उंचवटा हा एवढा. असा पाय मी एकदाच ऐकलाय, पाहिला नाही. खिंडीपलीकडे, इटलीत, श्लांडर्सला एक म्हातारा आहे. तपकिरी कागदावर अनवाणी उभं करतो, पेन्सिलीने पाय काढतो, तासभर बोलत नाही. त्याच्याकडे न्या. मूळचा तुमच्याच बाजूचा ना तो? गावाने हाकलला म्हणे, कुणाचा तरी पाय मोडला म्हणून."

"कोण म्हणे?" रोमानाने विचारलं.

"नाव नाही सांगितलं त्याने. फक्त एवढं म्हणाला, की त्या बुटाला मी त्या दिवशी हात लावला नव्हता."

मी हातमोजे घालून बाहेर येऊन उभी राहिले.

मागच्या गुरुवारी रोमाना सरावात पडली. फार नाही, मनगट मुरगळलं. स्वयंपाकघरात बाकावर बसून बर्फाची पिशवी धरली होती तिने, मी क्नोडेलचे गोळे वळत होते. ती म्हणाली, "आजी, वळताना टाच उचलली गेली गं. बूट वळला, मी वळलेच नाही."

अल्बान, आमचा पोल्डी, तिचा आजोबा, इस्पितळात शुद्धीवर आल्यावर याच शब्दांत बोलला होता. हे त्याच्या तोंडून तिने कधी ऐकलं असेल? तो गेला तेव्हा तेरा वर्षांची होती. पाय त्याचा घेऊन आली, आणि आता वाक्यही त्याचंच.

आता मुद्द्याला येते. तीन पानं झाली, सिस्टर एडलट्राउटने एव्हाना पट्टी मारली असती.

तू पोल्डीचा तो बूट बसवलास जानेवारी शहाण्णवमध्ये. घोट्याच्या हाडाला जरा चावत होता. तू म्हणाला होतास, "आठ दिवस घाल, मग आण. हे प्लास्टिक बाहेर ढकललं की परत आत येत नाही, म्हणून मी घाई करत नाही." मी तिथेच उभी होते. मग आली अग्निशमन दलाची स्की-शर्यत. आदल्या दिवशी पोल्डी झेंडे रोवायला वर गेला होता. निघेपर्यंत कुरकुरत होता, चावतोय, चावतोय, आणि बूट घरीच ठेवून गेला. मी जेवणानंतर बूट घेऊन तुझ्याकडे आले. दुकान बंद. जिन्यावरून तुझा खोकला ऐकू आला, तू तापाने पडला होतास. मी हाक मारली नाही. आजारी माणसाला कशाला उठवायचं, असं वाटलं. ते खरंच वाटलं होतं, एवढं तरी माझ्या बाजूने लिहू दे.

घरी आले. केस वाळवायचं यंत्र लावून कवच गरम केलं, तू करायचास तसं. आत मोजे रफू करायचा लाकडी गोळा घातला, मठातल्या शिवणाच्या तासाला मिळालेला, आणि सुताराचा शिकंजा लावून आवळला. किती आवळायचं ते मला कुठे ठाऊक होतं? प्लास्टिक बाहेर गेलं. फार गेलं. मग परत आत आलं नाही.

पोल्डी आला, बूट घालून पाहिला आणि खूश झाला. "अरे वा! आता कसा मोजा घातल्यासारखा वाटतो. अल्बानने केलं?"

मी म्हटलं, "हो."

दुसऱ्या कुणी बुटाला हात लावलेला त्याला चालत नसे, तुला माहीत आहे. मला त्याची कटकट नको होती. एका हो-ने ती वाचली. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या वळणावर टाच उचलली गेली आणि तो लिफ्टच्या खांबावर जाऊन आदळला. कंबर आणि गुडघा. पुढची सोळा वर्षं तो खिडकीशी बसून उतार बघायचा.

गावात मी तुझ्याविरुद्ध एक शब्द बोलले नाही. हे मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले. लोक पोस्टाच्या खिडकीत यायचे आणि विचारायचे, "अल्बाननेच ना?" पोल्डीनेच त्यांना सांगितलं होतं, त्याला तेच माहीत होतं. तू सगळ्यांना सांगत फिरलास की त्या दिवशी बुटाला हातच लावला नव्हता, आणि लोक म्हणाले, बघा, आता कबूलही करत नाही. मी काही बोलले नाही. पाकिटावर शिक्का मारला. ज्या बाईची जीभ अख्ख्या खोऱ्यात प्रसिद्ध, ती त्या एकाच वेळी गप्प बसली, आणि लोकांनी त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला.

तू बूट बघायला मागितलास. मी म्हटलं, इस्पितळात कापून काढला. नाही काढला. तो माळ्यावर आहे.

आणि इस्पितळाचं दार. ते तुझ्या लक्षात असेल. तू जेन्शियनच्या दारूची बाटली घेऊन आला होतास, टोपी हातात. म्हणालास, तुझ्या नेहमीच्या हाकेने, "बुर्गल, आत जाऊ दे मला."

"त्याला तुझं तोंड बघायचं नाही."

"पोल्डी असं म्हणाला?"

"हो."

दुसरा हो. तू बाटली जमिनीवर ठेवलीस आणि गेलास. अल्बान, तो असं म्हणाला नव्हता. तो आत झोपला होता. जागा झाल्यावर पहिलं हेच विचारलं, "अल्बान आला होता?" मी म्हटलं, नाही. रोज विचारायचा. तुम्ही दोघं समोरासमोर आला असता तर दुसऱ्याच वाक्यात सगळं उघडं पडलं असतं. म्हणून मी दारात उभी राहिले. तुला वाटलं, तो खोटारडा. त्याला वाटलं, तू भित्रा. शाळेपासून एका दोरीने डोंगर चढलेले दोघं तुम्ही.

शेवटच्या आठवड्यात त्याने परत विचारलं. "अल्बान कधी आलाच नाही का गं?" तेव्हा तर काही उरलं नव्हतं, कमवायला नाही की गमवायला नाही. तरी मी म्हटलं, नाही.

आता ते गहाळ न झालेलं पत्र. सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये इटलीचं तिकीट लावलेलं पाकीट आलं, तुझ्या अक्षरात, पोल्डीच्या नावाने. मी ते एप्रनच्या खिशात घातलं. उघडलं नाही. दुसऱ्याचं पत्र उघडणं हा पोस्टाच्या नोकरीत गुन्हा आहे, आणि मी त्या बाबतीत फार काटेकोर होते. हसलास तरी चालेल. दर ईस्टरला पाद्र्याकडे पापांची कबुली देताना मी चिडकेपणा सांगितला, शेजाऱ्यांची निंदा सांगितली, उपवासाच्या शुक्रवारी खाल्लेला मांसाचा तुकडासुद्धा सांगितला. हे नाही.

दोन महिने मी या लोकांवर तोंड टाकत हिंडले. कुणाला मापं घेता येत नाहीत, कुणाला वेळ कळत नाही. जवळपास चांगला बूट बसवणारा उरला नाही, म्हणून सगळ्यांना बोल लावले. आपल्या गावात एक होता. माझ्या घरापासून नऊ दारं पलीकडे.

क्षमा मागत नाही. मागितली की ती द्यावी की न द्यावी, हे आणखी एक ओझं तुझ्यावर. काल मिरवणुकीनंतर गावातल्या खाणावळीत अग्निशमन दलाची जुनी मंडळी बसली होती. मी त्यांच्या टेबलाशी उभी राहिले आणि वर लिहिलेलं सगळं सांगितलं. लेओनहार्डने, त्या शर्यतीत वेळ मोजणाऱ्याने, माझ्याकडे पाठ केली. बरोबर केलं. आज सकाळी पाव आणायला गेले तर दुकानातली बाई माझ्याशी शब्दसुद्धा बोलली नाही, सुटे पैसे तेवढे ठेवले. तुझ्या वाट्याला हे किती महिने आलं होतं?

परवा, बुधवारी, दुपारच्या बसने रोमाना तुझ्याकडे येईल. दुपारनंतर पोहोचेल, म्हणजे पाय मापाला योग्य असतील. तिच्या पाठीवर पोल्डीचा डावा बूट असेल. घोट्याजवळचा फुगवटा बोटाने बघ, कारागिराच्या हातचा नाही हे तुला अंधारातही कळेल. तो ठेव, कुणालाही दाखव. बुटाच्या आत तुझं पत्र आहे, अजून बंदच. पोल्डीच्या पायाचा कागद फेकला नसशील तर रोमानाला त्यावर उभी कर. पेन्सिलीची रेघ फारशी बदलावी लागणार नाही.

तिला अजून यातलं काही माहीत नाही. कालपासून ती मैत्रिणीकडे आहे, उद्या येईल. हे पत्र तिच्याच हाती पाठवते आहे, पाकीट चिकटवणार नाही. तिला सांगणार आहे, बसमध्ये बस आणि शेवटपर्यंत वाच, मग पुढे जायचं की परतायचं ते तू ठरव. परत आली तर मी घरी आहे. तुझ्या दारापर्यंत आली, तर माझ्यासाठी दार उघडू नकोस, तिच्यासाठी उघड. मी मधे उभी नाही.

तुम्हा दोघांच्या मधे दारात उभी राहिलेली,
नोटबुर्गा