थालीपिठाचे चार वाटेकरी

पनवेल, २६ एप्रिल १९९३

तीर्थस्वरूप वन्सं यांना,

रमाचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे पोटं ठीक आहेत. बाकीचं खाली लिहिते. तुमचा गुडघा आता काय म्हणतो? आई तुमची रोज आठवण काढतात. मीही काढते, विशेषतः भांडी घासताना. दिवाळीत तुम्ही तुमच्या बंधूंच्या हाती ‘स्वयंपाकघरातून शिक्षण’ हे मासिकातलं कात्रण ठेवलंत, ते उपकार मी या जन्मी विसरणार नाही.

अथर्वला सहामाहीत गणितात पन्नासपैकी नऊ मिळाले आणि वार्षिकला पास झाला नाही तर चौथीतच बसवू, असं बाईंनी वहीत लाल शाईने लिहून पाठवलं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तेव्हा तुमच्या बंधूंनी दर रविवारी ओट्यापाशी शाळा भरवायचं ठरवलं. शिक्षक ते. (तळोज्याच्या कारखान्यात टाइमकीपर असल्यामुळे तासाला देवघरातली घंटा वाजवायचे.) विद्यार्थी अथर्व. उरलेलं किरकोळ काम, म्हणजे भिजवणं, मळणं, थापणं, भाजणं आणि शेवटी खरवडणं, ते माझ्याकडे. लग्नाला बारा वर्षं झाली, पण गॅसची कळ कुठल्या बाजूला फिरवतात हे त्यांना पहिल्यांदा कळलं, तेही शिकवता शिकवता. जळालेली भुवई परत आली आहे, काळजी नसावी.

पहिला तास भूगोलाचा. घावनाच्या पिठाने तव्यावर महाराष्ट्र काढायचा. कोकणपट्टी करपली, विदर्भ कच्चा राहिला आणि उलटताना मराठवाडा तव्यालाच चिकटून बसला. परिस्थिती अगदी हुबेहूब आली आहे, असं तुमचे बंधू कौतुकाने म्हणाले. पनवेल कुठे ते समजावं म्हणून त्यांनी तिथे एक मिरी रोवली होती. ती आईंच्या दाताखाली आली. (दात आधीच हलत होता, असं शिक्षकांचं म्हणणं.)

मग शास्त्र. पाहा, वास घ्या, चव घ्या आणि नोंद करा, ही शास्त्राची चार पावलं अथर्वने तोंडपाठ केली. मला काय माहीत की तो ती माघी गणेश जयंतीलाच टाकणार! आई सोवळ्यात पूजेला बसलेल्या, नैवेद्याचे एकवीस मोदक झाकून ठेवलेले, आणि मी केळीचं पान पुसते आहे तोवर या शास्त्रज्ञाने एकवीसच्या एकवीस मोदकांचा एकेक घास घेऊन वहीत नोंदीसुद्धा केल्या. ‘मोदक क्र. १४, वेलची कमी.’ आई नैवेद्याशिवाय पूजेवरून उठेनात, म्हणून मी पुन्हा नारळ खवायला बसले. त्यावर पुनरावृत्तीने ज्ञान पक्कं होतं, असं तुमचे बंधू मला म्हणाले. माझ्या हातात तेव्हा नारळ होता आणि तो मी खालीच ठेवला, एवढं मात्र माझ्या संस्कारांबद्दल लक्षात ठेवा.

अपूर्णांकांना थालीपीठ. ते दर रविवारी, कारण तो विषय शिक्षकांच्या विशेष आवडीचा. गरम थालीपीठ ताटात पडलं की सुरीने भाग करायचे, लोण्याचा गोळा ठेवायचा आणि कोणाला किती मिळालं ते अथर्वने सांगायचं. प्रात्यक्षिक तिघं मिळून संपवत. मला काही ते नीट बघायला मिळालं नाही, मी तव्याकडे तोंड करून उभी. चार महिने हे चाललं. थालीपीठ उत्तम झालं की शिकवणं उत्तम आणि करपलं की माझं लक्ष नाही.

असो. पुढचं कात्रण धाडाल तर ते मैदानावरच्या शिक्षणाचं असू द्या. गुडघ्याला जपा.

तुमची
रमा

ता. क. : खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहिलं. अथर्वला वार्षिकला सतरा गुण आहेत, पास व्हायला साडेसतरा हवेत. अर्धा गुण! निकाल एक तारखेला. बाईंनी मला पेपर दाखवला. प्रश्न होता: घरात आजी, बाबा, आई आणि तू आहात. एका थालीपिठाची वाटणी अपूर्णांकांत लिहा व बेरीज एक येते हे दाखवा. त्याने लिहिलंय, ‘आजी १/३, बाबा १/३, मी १/३, आई ०. बेरीज १.’ बाईंनी काट मारून शून्य दिलं. असं का लिहिलंस, मी अथर्वला विचारलं, तर म्हणाला, “तू तव्यापाशी असतेस ना!” वन्सं, मला शाळेच्या व्हरांड्यातच रडू आलं. प्रश्नात सारखे भाग करा असं कुठेही म्हटलेलं नाही. तुम्ही मुख्याध्यापिका आहात, बाईंना उलट टपाली दोन ओळी लिहा. उत्तरात चूक नाही, चूक आमच्या घरात आहे.

आणखी एक : काल थालीपिठाचे चार सारखे भाग केले, गॅस बंद केला आणि मीही सगळ्यांबरोबर जेवायला बसले. तुमचे बंधू ताटाकडे बघत म्हणाले, “आज माझा वाटा एवढासा कसा?” मी तोंड उघडायच्या आत अथर्व म्हणाला, “बाबा, छेद तीन होता. आता चार झाला.”