मुले 'हो' म्हणतील

३ फेब्रुवारी, सोमवार

आज पान चौदा. अपूर्णांक. शिक्षकांसाठीच्या नव्या हिरव्या मार्गदर्शिकेप्रमाणे रोज एक पान, चाळीस मिनिटांत संपायला हवं. कितव्या मिनिटाला काय बोलायचं, तेही चौकटीत छापलंय. एकवीस वर्षं चौथीला शिकवतेय, आता माझी वाक्यंसुद्धा वरून येणार! पानाच्या शेवटी लिहिलंय — 'विचारा: समजले का? (मुले "हो" म्हणतील.)'

विचारलं. एकोणचाळीस जण म्हणाले "होऽऽ". मागच्या बाकावरून एक बारीक आवाज — "नाही."

ही नेहमीची. वर्गात तिला नाहीबाईच म्हणतात. मी फळ्यावर लिहिलं — एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? सगळे 'हो'वाले ओरडले, चतुर्थांश! का? तर चार तीनापेक्षा मोठे. घ्या! म्हणजे खरं बोलली ती एकटीच.

४ फेब्रुवारी

पान चौदाच. पुढे जाणार नाही.

मार्गदर्शिकेत 'नाही'साठी चौकटच नाही. माझं टेबल डुगडुगतं, म्हणून ती पायाखाली सारली. टेबल स्थिर झालं. चला, काहीतरी उपयोग!

६ फेब्रुवारी, गुरुवार

कागदाच्या पट्ट्या झाल्या. मैदानात दोरी ताणून झाली — आधी तीन भाग, मग चार. बऱ्याच जणांचे डोळे चमकले. नाहीबाईने दोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "नाही."

शेजारच्या वर्गाचे मास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "अहो बाई, नोंदवहीत रोजचं पान लिहायचं आणि काय हवं ते शिकवायचं. वहीला कुठे तोंड असतं?" माणूस वाईट नाही. पण मी शाईने लिहिते आणि खाली सही करते. मुलांना खोटं लिहू नका म्हणायचं आणि स्वतः रोज एक खोटं? लिहिलं — पान १४.

८ फेब्रुवारी, शनिवार

मोठ्या बाईंनी बोलावलं. पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं — म्हणजे काहीतरी कडू येणार! "बाई, बुधवारी तपासनीस येतायत. तुमचा वर्ग मागे दिसला, तर तो नव्या मास्तरांकडे जाईल. तुम्ही कार्यालयात. शिक्के मारायला. माझ्या हातात काही नाही हो."

चाळीस मुलं काढून घेणार आणि हातात शिक्का देणार! घरी आल्यावर भाजी चिरताना बोट कापलं. हे म्हणाले, "इतका कसला हट्ट? एका पोरीसाठी?" म्हटलं, हो, एका पोरीसाठी. रात्री मात्र भीती वाटली. वर्ग गेला तर मी करू काय?

११ फेब्रुवारी, मंगळवार

हो म्हणाली! नाहीबाई हो म्हणाली!

टेबल परत डुगडुगत होतं, मार्गदर्शिका कुणीतरी हलवली होती. ती नीट सारायला वाकले, तर कानाशी आवाज — "बाई, आता कळलं. बाकावर तिघी बसलो तर मला जागा जास्त. चौघी बसलो तर मी निम्मी बाहेर. चतुर्थांश लहान."

बाक! दोरी नाही, पट्ट्या नाहीत, बाक! स्वतःच्या डोक्याने काढलं पोरीने. असली गोष्ट छापील चौकटीतून येते का? माझे डोळे भरून आले. तिला उचलूनच घेणार होते, पण आता जड झालीय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

तपासनीस आले. मी तोच धडा सगळ्यांकडून पक्का करून घेत होते. त्यांनी नोंदवही उघडली. १४, १४, १४... नऊ वेळा. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"आज बावीस हवं."

"साहेब, मुलांना विचारा."

विचारलं. नाहीबाई उठली, बाकाचं सगळं सांगितलं, वर म्हणाली, "तुम्हीपण बसून बघा." वर्ग खो खो हसला. साहेबही हसले. मग म्हणाले, "छान. पण पान?" शनिवारपर्यंत लेखी खुलासा मागितलाय.

१३ फेब्रुवारी

खुलासा दिला. चार ओळी. 'एक मूल नाही म्हणाले, म्हणून थांबले. पुन्हा म्हणाले तर पुन्हा थांबेन. वर्गाला पुस्तक शिकवत नाही, मी शिकवते. दिलगिरी नाही.'

मोठ्या बाईंनी कपाळावर हात मारला. मला मात्र कडकडून भूक लागली. पोटभर जेवले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सुटताना नाहीबाईला विचारलं, "खरं सांग गं, तुला दोरीवरून सुचलं की पट्ट्यांवरून?"

"नाही. तुमच्या टेबलाखालच्या पुस्तकातून. माझी झाडायची पाळी होती ना, तेव्हा काढलं. चौदा तर तुम्ही रोजच घेत होतात, म्हणून पंधरा वाचलं. त्यात बाक आहे."

वाकून ओढून काढलं. पान पंधरा. बाकावर तीन मुलं, शेजारी चार. चौथं निम्मं बाहेर. नऊ दिवस मी दोऱ्या ओढत होते आणि उत्तर माझ्याच टेबलाच्या पायाखाली! मी ते पान उलटलंच नव्हतं. साहेबांनीही नसावं — नाहीतर उत्तर ओळखलं असतं!

खुलासा परत मागून घेतला. मोठ्या बाई आशेने म्हणाल्या, "माफी लिहिताय?" तीन ओळी वाढवल्या — 'पान १५ मी वाचले नव्हते, ही माझी चूक. ते आधी शिकवा, १४ नंतर. आणि "मुले हो म्हणतील" हे वाक्य खोडा.'

सही केली. सोमवारी वर्ग कोणाचा, ठाऊक नाही.