परतीचं तिकीट कोणी काढायचं?

२० एप्रिल

महिन्याचे पैसे पुन्हा कमी आले!

वर मेसेज, "दिवाळीचं तिकीट वजा केलं." वजा म्हणे! मुलीच्या शाळेच्या, खाण्यापिण्याच्या पैशांतून बापाचं तिकीट वजा. दिवाळीची सुट्टी संपल्यावर लेकीला, आमच्या मित्राला, मुंबईला सोडायला आला होता, त्याची आठवण साहेबांना आता एप्रिलमध्ये झाली.

लगेच फोन लावला. हात कणकेत होते म्हणून स्पीकरवर. हर्षवर्धनचा तोच शांत, मधाळ आवाज — "समजून घे न, माया. तुला एकच तिकीट पडतं. मला तीन पडतात. तिचं एक, माझं यायचं, माझं जायचं." मग मी काय करू? घटस्फोटाच्या वेळी समुपदेशक बाईंसमोर सही कोणी केली? आईने नागपूरला पोचवायचं, वडिलांनी मुंबईला आणून सोडायचं. तेव्हा केवढ्या मोठ्या मनाने मान डोलावली होती! मी ओळखीच्या कुणाबरोबर तरी पाठवते म्हणून माझं एकावर भागतं. ती माझी अक्कल. त्याचं नुकसान कसं झालं?

"पोरीच्या येण्याजाण्याचा एवढा जड होतो खर्च, तर नागपूरला गेलास कशाला?" म्हटलं. "नोकरी तिथे आहे," म्हणाला. हे दर वेळी असंच संपतं.

दिवसभर हॉस्पिटलात मेडिक्लेमच्या काउंटरवर बसून लोकांना सांगायचं, यातले एवढे कापले जातील, हे मिळणार नाही, ते बसत नाही. लोक मला शिव्या घालतात. घरी येऊन माझेच कापलेले! मी कुणाला घालू?

मित्रा शेजारी बसून लाट्या करत होती. सगळं तिच्या कानावर पडलं. बरं झालं, ऐकू दे. बाप कसा आहे ते कळायला नको?

२२ एप्रिल

सुटले! विहारातल्या लतिकाताई बुद्धपौर्णिमा करून तीन तारखेला माहेरी नागपूरला चालल्यात. "पाठव गं माझ्याबरोबर. पोरगी काय त्रास देते का कुणाला!" देव पावला म्हणायची पद्धत नाही आमच्यात, पण लतिकाताई पावल्या.

तिकीट काढायला बसले तर मित्रा म्हणते, "आई, मला बर्थ नको. बर्थ नसला की अर्धंच लागतं. मी मावशीच्या पायाशी झोपेन." हे हिला कुठून कळलं? मोबाइलवर बघितलं म्हणे. मग, "बारा पूर्ण झाले की पूर्ण लागतं ना?" म्हटलं हो, आणि मग तुझा बाप अजून रडेल!

माझी आई हसली, मीपण हसले. पोरगी हुशार निघाली. बापाला शिकव म्हणावं थोडं.

बर्थ घेतला अर्थातच. आपण काही हर्षवर्धन नाही.

२६ एप्रिल

आई भर उन्हात लालबागला गेली, डंकावर मसाला कांडून आणला. सगळ्या घराला ठसका. त्यातला कडीचा मोठा डबा भरून वेगळा ठेवला — नागपूरच्या विहीणबाईंसाठी!

मी तडकले. "आई, घटस्फोट होऊन चार वर्षं झाली. कसल्या विहीणबाई?"

"तुझा नवरा गेला. माझी विहीण नाय गेली," म्हणाली. "मित्राची आजी हाय ती. मसाला तर जाणारच."

दर मे महिन्यात हा डबा जातो आणि मित्रा परत येते तेव्हा संत्राबर्फीने भरून येतो. रिकामा डबा परत पाठवायचा नसतो म्हणे. दोन म्हाताऱ्या कधी फोनवर धड बोलत नाहीत, पण डबा चुकत नाही. इथे मी तिकिटांवरून घसा फोडतेय आणि ही मसाला वाटतेय! डोकं फिरतं माझं.

१ मे

पौर्णिमा. विहारात खीर वाटायला मित्रा पुढे. पांढरा ड्रेस आखूड झालाय. नवा घेऊ म्हटलं, तर "राहू दे, दिवाळीला घे. आत्ता तिकीट काढलंस ना." शहाणी झालीय!

३ मे

दादरला गाडीत बसवून आले. लतिकाताईंनी खिडकी दिली. डबा मित्राने मांडीवरच धरला होता, खाली ठेवायला तयार नाही. गाडी हलली तशी रडू आलं, पण फलाटावर लगेच पुसलं. चोवीस तारखेला येईल. नीट वागायला शिक म्हणावं तोवर त्याला.

९ मे

फोनवर मजेत वाटली. आजीने पाटोड्या केल्या, बाबांनी कूलरसमोर गादी टाकली. मी विचारलं, "बाबांनी परतीचं तिकीट काढलं का गं?" तर म्हणे, "आजी बोलावतेय, ठेवते."

म्हणजे नाही काढलं! सुट्टीच्या दिवसांत गाड्या फुल असतात हे लहान पोरालाही कळतं. त्याला कळतं, पण वळत नाही.

१६ मे

लतिकाताई परतल्या. घरी येऊन डबा देऊन गेल्या. संत्राबर्फी, काठोकाठ. कडीला नागपूरच्या आजीने दोरा गुंडाळलेला.

आई डबा हातात धरून तशीच उभी. "ह्यो आत्ताच का पाठवला? पोरगी आणणार होती की."

म्हटलं लतिकाताई येत होत्या, दिला त्यांच्याकडे. त्यात काय एवढं? दोन वड्या तोंडात टाकल्या. आईने एक पण खाल्ली नाही. हिचं काहीतरी वेगळंच!

२२ मे

तिकिटाचा पत्ता नाही. मेसेज वाचतो, उत्तर देत नाही. निळ्या खुणा बघून बघून माझं रक्त आटलं.

२४ मे

नाही आली.

फोन केला आणि जे तोंडात आलं ते बोलले. चिंधीचोर म्हटलं. पोरीपेक्षा तिकीट मोठं झालं का म्हटलं. पुन्हा कोर्टात खेचते म्हटलं. ऐकून घेतलं सगळं. एरवी मधेच "माझं ऐक न" करतो, तेसुद्धा नाही. शेवटी म्हणाला, "तिकिटाचं नाही ते, माया. तू एकदा इकडे ये."

मी ये? मी! म्हणजे आणून सोडायचं काम पण माझ्या गळ्यात! वा रे वा. पुढल्या वेळेपासून मीच नेऊ, मीच आणू, आणि हा तिकडे कूलरसमोर बसून वजाबाक्या करणार.

मित्राला दे म्हटलं. आली फोनवर. "मी बरी आहे आई, तू जेवलीस का?" एवढंच.

२५ मे

आई सकाळपासून मागे लागलीय, जाऊन ये. "तो पैशासाठी करत नसंल बाय. डबा आला तवाच माझ्या मनात पाल चुकचुकली. पोरगी यायची असती तर डबा तिच्याच हातात दिला असता ना विहिणीने?"

मी म्हटलं तू त्यांचीच बाजू घे. भांडण झालं. आईवर ओरडायचं नव्हतं मला. ओरडले.

पण तेव्हापासून तो डबा डोळ्यांसमोरून हलत नाही. ओट्यावर तसाच पडलाय. पोरीला ठेवून घ्यायचा डाव आहे का यांचा? म्हातारी पण सामील? तसं असेल तर बघतेच एकेकाला.

२८ मे

जायचं तत्काळमध्ये मिळालं, यायची साध्या कोट्यातली. एक जायचं, दोन यायची. माझ्याच पैशाने!

आई म्हणाली, "तीन झाली की गो."

हो, तीन झाली. कळलं मला. हसू नकोस.

रजेसाठी साहेबांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. तिथे गेल्यावर हे सगळं त्याच्यासमोर टाकणार आहे. या वेळी वजा मी करून दाखवते.

३० मे, नागपूर

ठरवून आले होते, दारातच सुरू करायचं. करायला मिळालं नाही. त्याने आधी मोबाइल पुढे केला. दोन तिकिटं, तेवीस तारखेच्या रात्रीची, त्याचं आणि मित्राचं. एप्रिलमध्येच काढलेली. खाली लाल अक्षरांत — रद्द.

"तिनेच करायला लावली. तुला सांगितलं तर जेवणार नाही म्हणाली. मी काय करू?" त्याचे डोळे सुजलेले होते. आजी आत बसली होती, बाहेर आलीच नाही.

मित्राला जवळ घेतलं. का गं? माझं काही चुकलं? इथे जास्त आवडतं तुला?

"तसं नाही," म्हणाली. "परत आले असते, तर दिवाळीला पुन्हा लागली असती ना. मी एकाच जागी राहिले तर कुणालाच तिकीट काढायला नको. मी तेव्हा इथे होते, म्हणून इथे."

आणि मग, "शाळेचं पण विचारलंय मी बाबांना. जवळच आहे, चालत जाता येतं."

उद्याची दोन तिकिटं माझ्या मोबाइलमध्ये आहेत. कोणी काढली, हे तिने मला दोनदा विचारलं.